ओढ्याच्या अलीकडे

माझं अक्षर चांगलं आहे. लहानपणापासून सगळे हेच सांगत आले. नोकरी लागली तीही बहुतेक अक्षरावरच, कारण बाकी माझ्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. ग्रामसेवक म्हणून सत्तावीस वर्षं मी गावोगावचे ठराव लिहिले. एक पान सोडलं तर कुठेही खाडाखोड नाही, ओळ वर-खाली नाही. तपासणीला आलेले साहेब ठरावाचं बुक उघडून आधी अक्षराची तारीफ करायचे आणि त्या नादात मजकूर वाचायचंच विसरायचे. त्यातला एक ठराव मला अजून शब्दन् शब्द पाठ आहे. त्याखाली चांगुणाबाईची सही आहे. तिची ही हकीकत आहे. माझीही थोडी आहे, पण मी काही सांगण्यालायक माणूस नाही.

मी करंजटेकला गेलो ते मोठ्या दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी. आष्टीहून दोन कोस चालत. तेव्हा जालना हा जिल्हा झाला नव्हता, आमचा परतूर तालुका परभणीत होता. गावाला मधोमध चिरत गेलेला एक ओढा. एका अंगाला गाव, चावडी आणि मारुतीचं देऊळ. दुसऱ्या अंगाला बौद्धवाडा, त्याला लागून गायरान. हे 'एका अंगाला' आणि 'दुसऱ्या अंगाला' मी मुद्दाम जपून लिहितोय. त्याचं कारण पुढे येईल.

शाळा देवळाच्या ओसरीत भरायची, चौथीपर्यंत. मास्तर एकच. वाड्यातली मुलं ओसरीवर नाही, खालच्या पायरीवर बसायची. मी नवा होतो म्हणून विचारलं, तर सरपंच म्हणाले, "आपल्या मर्जीनं बसत्यात. कुणी हाकललं न्हाई." पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की तीही यायची नाहीत. मास्तर हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे सरळ रेघ ओढून ठेवायचा, थेट दसऱ्यापर्यंत.

चांगुणाबाईला मी पहिल्यांदा पाहिलं ते खडीवर. तिचा नवरा पुंजाराम दुष्काळी कामावर खडी फोडायचा. वैशाखातल्या एका दुपारी पाणी मागून खाली बसला, तो उठला नाही. पुढच्या आठवड्यात त्याचा घण घेऊन ही त्याच्या जागेवर हजर. वय असेल तिशीचं. मागे एकच मुलगी, बेबीनंदा. घर चालायचं थोरला दीर तातेराव याच्या शब्दावर. तातेराव वाईट माणूस नव्हता. पण सहा तोंडं घरात असली की माणसाला चांगलं राहायलाही फुरसत मिळत नाही.

ग्रामपंचायतीत बायकांच्या दोन जागा भरायच्या होत्या. सरपंच सर्जेराव पाटलांनी एका जागेवर आपली भावजय कौसल्या घातली. ती कधी आली नाही. हजेरीचं बुक घेऊन मीच तिच्या चुलीपर्यंत जायचो. दुसरी जागा वाड्याला द्यायची असं ठरलं, म्हणजे वर तक्रार जात नाही. नाव कुणाचं? पाटील तंबाखू मळत म्हणाले, "ती खडीवाली चांगुणा घ्या. मुकी हाय."

ती मुकी नव्हती. तिला तोवर कुणी काही विचारलं नव्हतं, एवढंच.

ती प्रत्येक बैठकीला आली. सतरंजीवर बाकीचे बसायचे, ती दाराशी, फरशीवर. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. अंगठा लावणाऱ्या सदस्याला ठराव पूर्ण वाचून दाखवायचा, 'बरोबर आहे?' असं विचारायचं, त्यानं हो म्हटलं की डावा अंगठा घ्यायचा आणि बाजूला लिहायचं, 'वाचून दाखविले, बरोबर आहे म्हणाले.' तसा नियमच होता. मी नियमाचा माणूस. मी वाचायचो. ती डोळे मिटून ऐकायची.

"बरोबर आहे?"

"बराबर हाय," म्हणून ती अंगठा पुढे करायची.

पहिले सहा महिने एवढंच. मग एकदा अंगठा अर्ध्यात थांबवून म्हणाली, "भाऊसाब, आखाडात तुम्ही हापश्याचं वाचल्तं. लिंबाखाली घेऊ म्हणून. ते काय झालं?" मी मागची पानं चाळली. खरंच आषाढातला ठराव होता, लिंबाच्या झाडासकट. दुसऱ्या बैठकीत तिनं रस्त्याच्या मुरुमाचं काढलं, तिसऱ्या बैठकीत देवळापुढच्या दिव्याचं. मी एकदा वाचलेलं ती विसरायचीच नाही. पाटील वैतागले. म्हणाले, "ही बाई म्हंजे चालतंबोलतं दप्तर झालं की हो!" मी हसलो. तेव्हा मला पाटलांच्या विनोदाला हसायची सवय होती.

चौऱ्याहत्तरच्या अखेरीला तालुक्याहून पत्र आलं. करंजटेकला शाळेच्या दोन खोल्या मंजूर, पाचवी ते सातवीचे वर्ग सुरू होणार, जागा ग्रामपंचायतीनं ठराव करून कळवावी. सोबत एक नकाशाचा कागद. त्यावर आजचं गाव शाईनं आणि उद्याचं गाव पेन्सिलीच्या टिंबांनी काढायचं होतं. शाळेभोवती नवे प्लॉट, पक्का रस्ता, हापसा. म्हणजे शाळा जिकडे जाईल तिकडे गाव सरकणार, हे शेंबड्या पोरालाही कळावं. आणि पाटील काही शेंबडं पोर नव्हते.

ग्रामसभेत वाड्यानं गायरानाची जागा मागितली. सरकारी जमीन, कुणाची हरकत यायची नाही, आणि ओसरीच्या पायरीवरून मुलं एकदाची उठतील. पाटील म्हणाले, "बघू की." वाड्यानं त्याचा अर्थ होय असा घेतला. पुढच्या रविवारपासून श्रमदान सुरू. बाया-माणसं टिकाव घेऊन गायरानात, दोन खोल्यांचा पाया कमरेइतका खणून काढला. चांगुणाबाई सगळ्यांच्या पुढे. दगड कुठे फुटतो हे तिला हाताला कळायचं. पाटलांना मी हे सांगितलं तर म्हणाले, "खणू द्या. कसरत व्हती."

चांगुणाबाईला एवढी घाई का होती, ते तातेरावानं मला चावडीत सांगितलं. रेशनकार्डाचं काही काम घेऊन तो आला होता. म्हणाला, "पोरगी यंदा चौथी पास होऊन राह्यली. अलीकडं शाळा झाली तर शिकू दे सातवीपर्यंत, माझं काही म्हणणं न्हाई. पण आता ती न्हाती-धुती व्हायला आली. वढ्यापल्याड, पाटलाच्या बांधाबांधानं मी तिला एकलीला धाडणार न्हाई. मंठ्याकडचं स्थळ आलंय. शाळा न्हाई झाली तर मंग हे स्थळ मी सोडत नसतो."

बेबीनंदा तेव्हा बारा वर्षांची.

पोर हुशार होती, पायरीवर बसूनही हुशार होती. आणि मानी. शाळेतली मुलं तिला 'अंगठ्याची पोरगी' म्हणून चिडवायची. म्हणून तिनं आईला सही शिकवायला घेतली. आधी फरशीवर कोळशानं, मग पाटीवर. चार महिने लागले. त्यातला एक महिना एकट्या 'ण'नं खाल्ला. 'चां'वरचा अनुस्वार मात्र चांगुणाबाईला फार आवडला असावा. घण घालावा तसा ती तो द्यायची.

पंचाहत्तरच्या संक्रांतीनंतरची बैठक. मी शाईचं पॅड पुढे केलं, तर ती म्हणाली, "पेन द्या, भाऊसाब." सगळे बघत राहिले. तिनं बुक मांडीवर घेतलं आणि लिहिलं, 'चांगुणाबाई पुंजाराम'. दोन शब्द लिहायला पाच मिनिटं. अनुस्वार इतका दाबून दिला की कागदाला भोक पडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पाटलांनी घरून गुळाची ढेप आणवली आणि प्रत्येकाच्या हातावर खडा ठेवला. पहिला तिच्या हातावर.

मग पाटील माझ्याकडे वळून म्हणाले, "चला, आता वाचून दाखवायची भानगड मिटली. सहीवाल्याला वाचून दाखवणं म्हंजे त्याचा बिलकुल अपमान. न्हाई का हो, बाई?"

तिला सही येत होती. वाचता एक अक्षर येत नव्हतं. पण टाळ्या अजून कानात होत्या, तोंडात गूळ होता. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. भरल्या सभेत ती मूठ कोण उघडेल?

"व्हय," ती म्हणाली.

पुढची बैठक जागेची. आदल्या दिवशी पाटलांनी मला एक चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर सर्व्हे नंबर एकेचाळीस. तो पाटलांचा मळा. आष्टीच्या वाटेला, गावाच्या अंगाला. त्यातली कोपऱ्यातली मुरमाड पट्टी शाळेला द्यायची, म्हणजे पक्का रस्ता मळ्यातून जाणार आणि उरलेल्या जमिनीचे प्लॉट होणार. बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मला ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं. माझा जालन्याला बदलीचा अर्ज तालुक्यात पडून होता आणि तिथं पाटलांचा शब्द चालायचा.

बैठकीत पाटलांनी घसा खाकरला. "माझं म्हणणं असं, की शाळा वढ्याच्या अलीकडंच व्हावी. पल्याड गेली तर पोरीबाळींची तारांबळ."

चांगुणाबाईनं मान वर केली. जन्मभर वाड्यात राहिलेली बाई. तिचं चूलपाणी, तिच्या नवऱ्याची माती, तिनं खणलेला पाया, सगळं ओढ्याच्या ज्या अंगाला होतं त्याला ती अलीकडेच म्हणत आली होती. चावडीत बसून बोललं की अलीकडे दुसरीकडे जातं, हे तिला कोण सांगणार?

"व्हय!" ती म्हणाली. एवढ्या दिवसांत सभेत तिचा आवाज एवढा मोठा मी ऐकला नव्हता. "अलीकडंच व्हावी! बराबर बोलले पाटील."

"मंग बाईच सूचक," पाटील म्हणाले. "लिहा, भाऊसाहेब."

मी लिहिलं. माझ्या सुंदर अक्षरात लिहिलं. आमच्याकडे सूचकाची सही घ्यायची पद्धत होती, म्हणून बुक तिच्यापुढे धरलं. लेक वाचताना पाहून ठेवलं होतं तसं तिनं पान डोळ्यांसमोर धरलं. तिची नजर ओळीवरून सरकत नव्हती, एका जागी थांबली होती. ते मला दिसलं. त्याच क्षणी मी वाचून दाखवलं असतं, 'सर्व्हे नंबर एकेचाळीस, मालक सर्जेराव' एवढे पाच शब्द मोठ्यानं म्हटले असते, तर तिनं पेन फेकून दिलं असतं. मी पेनचं टोपण काढून पेन तिच्या हातात दिलं.

उठताना ती दाराशी थांबली. "भाऊसाब, आज तुम्ही वाचलं न्हाई."

"तुम्हाला सही येते की आता," मी म्हणालो.

ती लाजून हसली आणि गेली.

एप्रिलात तालुक्याचे साहेब जीप घेऊन जागा आखायला आले. वाड्यानं सकाळपासून गायरानात पायाभोवती पाणी शिंपडलं होतं, आंब्याच्या डहाळ्या बांधल्या होत्या, निळं निशाण लावलं होतं. जीप चावडीपुढे थांबली आणि पाटलांना घेऊन मळ्याकडे वळली. वाडा थोडा वेळ वाट बघत राहिला. मग कोरडा ओढा उतरून सगळे मळ्यात आले. तातेराव पुढे, मागे बायका, पोरं.

"साहेब, पाया तिकडं खणून ठेवलाय," तातेराव म्हणाला. "तुम्ही वाट चुकून राह्यलात."

साहेब भला माणूस होता, पण घाईत. त्यानं माझ्या बगलेतलं ठरावाचं बुक मागितलं. पान काढून म्हणाला, "ठरावात तर हीच जागा आहे."

"असं व्हईलच कसं? आमच्यासमोर वाचा."

साहेबांनी बुक माझ्यापुढे केलं. मी ते हातात घेतलं नाही. साहेबांनी आजूबाजूला पाहिलं. पुढेच बेबीनंदा उभी होती, वेण्या घातलेली, धुतलेला झगा घातलेली. नव्या शाळेचं भूमिपूजन म्हणून आईनं तिला सजवलं होतं.

"काय गं, कितवीत?"

"चौथीत."

"वाचता येतं? मग वाच सगळ्यांना."

तिनं बुक दोन्ही हातांनी धरलं आणि शाळा तपासायला दिपोटी साहेब आल्यावर वाचतात तसं खणखणीत वाचलं. "ठराव क्रमांक सात. मौजे करंजटेक येथील शाळेच्या नवीन खोल्यांकरिता ओढ्याच्या अलीकडील सर्व्हे नंबर एकेचाळीस, मालक श्री. सर्जेराव पाटील, यांचे शेतातील जागा सर्वांचे सोयीची असल्याने ती निश्चित करण्यात यावी, असे सर्वानुमते ठरले. सूचक..."

ती थांबली.

"पुढं?" साहेब म्हणाले.

तिनं पानावर बोट ठेवलं, जिथं अनुस्वारानं इथंही कागदाला भोक पडलं होतं तिथं. मग हळू वाचलं, "चांगुणाबाई पुंजाराम." आणि साहेबांकडे न बघता म्हणाली, "ही माझ्या आईची सही हाय. म्या शिकवली."

सगळा वाडा मागे वळला. चांगुणाबाई गर्दीच्या शेवटी उभी होती, हातात फुलांचं ताट घेऊन.

"म्या अलीकडं म्हणले होते," ती म्हणाली.

"अहो मावशी, अलीकडेच आहे की ही," साहेब म्हणाले. त्या बिचाऱ्याला खरंच काही कळलं नव्हतं. त्यानं टेप काढला आणि आखणी सुरू झाली. पाटील लांब बांधावर उभे राहून तंबाखू मळत होते.

वाड्यानं तिच्याशी बोलणं टाकलं. गुळाच्या खड्याला विकली, असं लोक म्हणायला लागले. पाणवठ्यावर ती आली की बायका घागरी उचलायच्या. ती कुणाला समजावायला गेली नाही. काय समजावणार? सही तर तिचीच होती. तातेराव भांडला नाही, ओरडलाही नाही. मंठ्याकडच्या पाहुण्यांना त्यानं त्याच आठवड्यात होकार कळवला, आणि मेअखेर बुद्धवंदना म्हणून बेबीनंदाचं लग्न लागलं. मी लग्नाला गेलो होतो. पांढरी साडी नवरीच्या हातांत मावत नव्हती, की नवरीच साडीत दिसत नव्हती, काही तरी एक. मी तिच्याकडे नीट पाहिलंच नाही. पाटी ती घरीच ठेवून गेली.

जूनच्या बैठकीला चांगुणाबाई आली, दाराशी बसली. मी हजेरीचं बुक आणि पेन पुढे केलं. तिनं डावा अंगठा पुढे केला.

"सही करा की, बाई," पाटील म्हणाले.

"येत न्हाई मला."

"अहो, गूळ वाटला आम्ही!"

"विसरले. वाचून दाखवा, भाऊसाब. शेवटपस्तोर."

त्यानंतर ती सदस्य होती तोवर मी प्रत्येक कागद शेवटपर्यंत वाचला. वाड्याच्या हापश्याचा ठराव आला तेव्हा तिनं मला तीनदा खोडायला लावलं. माझ्या बुकातली ती पहिली खाडाखोड. "अलीकडं-पल्याड लिहायचं न्हाई," ती म्हणाली. "तातेरावाच्या दारासमोर, असं लिहा." तसं लिहिलं, आणि हापसा तिथंच झाला. वाडा हळूहळू बोलायला लागला. गायरानातला पाया तसाच राहिला. पावसाळ्यात त्यात बेडूक ओरडायचे, उन्हाळ्यात लोक राख टाकायचे. शाळा मळ्यात झाली, चांगली झाली, वाड्यातून सातवीला गेलेली मुलं मी तिथं असेतो दोन. मुलगी एकही नाही. आणि माझी बदली? पाटील विसरून गेले. ते योग्यच झालं म्हणतो मी.

बेबीनंदाची कार्डं यायची. तीन-चार ओळींची, टपोऱ्या अक्षरात. वाड्यात आता कुणीही वाचून दिलं असतं, पण चांगुणाबाई कार्ड घेऊन चावडीत माझ्याकडेच यायची. मी वाचायचो. सासू बरी आहे, विहीर लांब आहे, आई तू तब्येतीला जप. तेही ती डोळे मिटून ऐकायची आणि संपलं की म्हणायची, "बराबर हाय." मला वाटायचं ती मला शिक्षा करतेय. कदाचित नसेलही. मी वाचलेलं तिच्या ध्यानात राहायचं, तेवढंच असेल.

अठ्ठ्याहत्तरच्या श्रावणात ती अशीच आली. दुपारची वेळ. चावडीत मी एकटा. तिनं कार्ड पुढे केलं आणि माझा हात मागे आला. कार्डाचा कोपरा फाडलेला होता. फाडलेला कोपरा म्हणजे मयताची बातमी, हे आमच्याकडे वाचता न येणाऱ्यालाही कळतं. पोस्टमननं कार्ड हातात दिल्यापासून तिला कळलेलंच होतं. ओढा उतरून ती ते घेऊन चालत आली होती.

"बाई, बसा," मी म्हणालो. "पाणी देतो."

"वाचून दाखवा."

अक्षर दुसऱ्याच कुणाचं होतं. मी वाचलं. चिरंजीव सौ. बेबीनंदा ही बाळंतपणात अडली, मंठ्याला बैलगाडीनं नेईपर्यंत रक्त फार गेलं, सोमवारी पहाटे वारली. मूलही दगावलं. मी थांबलो.

"सगळं वाचा. शेवटपस्तोर."

मी खालचं नाव वाचलं, तारीख वाचली, उलटून पत्ताही वाचला. ती दाराशी फरशीवर बसली होती, डोळे मिटून. पंधरा वर्षांची होती हो पोर. ओढ्याच्या एका अंगाऐवजी दुसऱ्या अंगाला दोन खोल्या असत्या, तर ती त्या श्रावणात सातवी पास होऊन बसली असती.

"आता विचारा," ती म्हणाली.

"काय?"

"तुमचं ते नेहमीचं. बराबर हाय का, म्हणून."

मी कार्ड परत केलं. तिनं ते पदराच्या टोकात बांधलं, भिंतीला हात लावून उठली.

"बराबर न्हाई, भाऊसाब," ती म्हणाली. ओढ्याला गुडघाभर पाणी होतं. लुगडं सावरत ती त्यात उतरली आणि तिच्या अलीकडे निघून गेली.